दोनशे नंबरची डिस्क

लोरेल नोस्की ॲडलेडच्या आमच्या सरकारी संगणक खात्यात एकोणिसाव्या वर्षी लागली आणि चव्वेचाळीस वर्षं मेनफ्रेमच्या दिमतीला राहिली. मधे यंत्रं चार-पाच बदलली, साहेब तर किती बदलले ते तिलाही सांगता आलं नसतं, पण काम तेच. एका अजस्र यंत्राच्या पोटात चाळीस-पन्नास खोटी यंत्रं मांडून ठेवायची, आणि त्यातल्या प्रत्येकाला असं भासवायचं की बाबा रे, हे अख्खं घर तुझंच आहे. प्रत्येक खोट्या यंत्राला खोट्या डिस्का, खोटा प्रिंटर, आणि हो, खोटा कार्डवाचकसुद्धा. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं जगातून जाऊन जमाना झाला, पण या यंत्राच्या पोटात ती अजून चालत होती. ऐंशी रकान्यांचं एक कार्ड, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. नव्या मंडळींना हे सांगितलं की ती फिदीफिदी हसायची. हसू देत बापडी. त्यांचा पगार त्याच यंत्रातून निघत होता.

बाई फटकळ होती. मीटिंगमध्ये कुणी अर्धा तास बोललं की ही विचारायची, "म्हणजे करायचं काय ते सांग." साहेबलोक तिच्यापासून चार हात लांब राहत. पण रात्री-अपरात्री काही अडलं की फोन तिलाच, आणि ती कधी नाही म्हणाली नाही. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस, तिचा थोरला भाऊ क्लेम.

हा क्लेम अठराव्या वर्षी, सासष्ट साली, पाइपांच्या कारखान्यात लागला. सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस घालून पाइप बनवायचे तो कारखाना. क्लेमचं काम पोती फोडायचं. अडीच-तीन वर्षं त्याने ती पांढरी धूळ खाल्ली, अडुसष्टच्या नाताळात नोकरी सोडली आणि पोर्ट लिंकन बंदरात ट्यूना मासे धरणाऱ्या बोटीवर गेला. जन्मभर समुद्राची हवा घेतली, पण छातीत बसलं ते बसलंच. पंचाहत्तरीला आला तेव्हा नाकात नळी आणि शेजारी प्राणवायूचं यंत्र. दावा लावला, तर कारखान्याचे वकील म्हणाले, हा गृहस्थ आमच्याकडे कधी कामाला नव्हताच. आता बोला! हजेरीची वह्यापुस्तकं कधीच रद्दीत गेलेली. क्लेमच्या शेडमधला साक्षीला उभा राहील असा एक माणूस जिवंत उरला नव्हता.

उरलं होतं ते फक्त मेनफ्रेमच्या पोटात. चौऱ्याऐंशी साली एका आरोग्य कचेरीने कारखान्याच्या हजेरीवह्यांवरून सगळ्या कामगारांची यादी करून घेतली होती. नाव, जन्मतारीख, कधी लागला, कुठल्या शेडमध्ये, कधी सोडलं. सतरा हजार माणसं, कामाला लागल्याच्या तारखेप्रमाणे एकाखाली एक. पुढे ती कचेरी बंद पडली, यादी मात्र डिस्कवर तशीच राहिली. आणि आता मेनफ्रेमच बंद होणार होता. एकतीस जानेवारी, संध्याकाळी पाच. सगळा डेटा नव्या ठिकाणी हलवून झाला होता, ही यादी सोडून. कारण तिला मालकच नव्हता. मालक नाही तर अर्ज कोण करणार, आणि अर्ज नाही तर हलवणार कोण.

जानेवारीतल्या एका रविवारी ती क्लेमकडे गेली होती. बेचाळीस डिग्री ऊन, वहिनी बेव्ह आत जर्दाळूचा मुरंबा ढवळत होती, आणि क्लेम व्हरांड्यात क्रिकेट ऐकत बसला होता.

"बारा फेब्रुवारीला सुनावणी," तो म्हणाला. "वकीलबाई म्हणते, सरकारी शिक्क्याचा एक कागद आण, एक ओळ असली तरी पुरे. मी म्हटलं, आमची लोर आहे ना तिकडे आत."

"क्लेम, मी ती यादी उघडून बघू शकत नाही. नातेवाइकांची नोंद बघितली तर नोकरी जाते."

"अगं, मी कुठे म्हणतोय चोरून बघ? रीतसर जाऊ दे जिथे जायची तिथे. मग वकीलबाई रीतसर मागेल." तो दम घ्यायला थांबला. "बेव्हसाठी गं. मी काय, आज आहे उद्या नाही. पण मी तिथे होतो, एवढं तरी त्यांनी म्हणावं."

तिने नुसतं "बघते" म्हटलं.

बघायला गेलं तर काम सोपं होतं. नवी यंत्रणा फाइल घ्यायची ती एका ठरावीक कुलूपबंद रीतीनेच, आणि ती रीत जुन्या यंत्रणेला येत नव्हती. लिनक्स नावाच्या प्रणालीला येत होती. तेव्हा मेनफ्रेमच्या पोटात आणखी एक खोटं यंत्र मांडायचं, त्यावर लिनक्स चढवायचं, यादीची डिस्क त्याला जोडायची आणि दिली पाठवून. नवं खोटं यंत्र मांडायला कुणाला विचारावं लागत नव्हतं, तो तिचा रोजचा अधिकार. पण लिनक्स चढवताना ते पहिलाच प्रश्न विचारतं: माझं बाकीचं सामान कुठल्या वेब सर्व्हरवर ठेवलंय, पत्ता सांग. आणि मेनफ्रेमच्या आवारात वेब सर्व्हर नव्हता.

ती सुरक्षा विभागातल्या कीरनकडे गेली. पोरगा वाईट नव्हता, पण नियमाचं पुस्तक गिळून बसलेला.

"लोरेल, बदलबंदी चालू आहे," तो म्हणाला. नाताळपासून एक फेब्रुवारीपर्यंत निम्मं खातं रजेवर, म्हणून तेवढ्या दिवसांत कुठलीही नवी गोष्ट उभी करायची नाही, अशी ती बंदी. दरवर्षीची.

"आणि मेनफ्रेम कधी बंद करताय?"

"एकतीस जानेवारी."

"म्हणजे तुझी बंदी उठेल तेव्हा माझं यंत्र मेलेलं असेल."

"हो, म्हणजे... एक दिवस अलीकडे."

"आणि अख्खं यंत्र बंद करणं हा बदल नाही का रे?"

"तो नोव्हेंबरमध्येच मंजूर झालाय ना."

लोरेलने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, एक सर्व्हर! तीन तासांसाठी! काम झालं की मी स्वतः त्याची वायर उपटते."

"माझ्या हातात असतं तर दिला असता गं," कीरन म्हणाला, आणि तो खरंच बोलत होता, म्हणून तर तिला जास्त चीड आली. ओरडायचं तरी कुणावर? तिने ग्रेमसाहेबांना लिहिलं, ते रजेवर. त्यांच्या वरच्यांना लिहिलं, त्या म्हणाल्या या यादीचा मालक कोण ते आधी कळवा. यादी सरळ छापून काढू म्हटलं, तर प्रिंटर डिसेंबरातच गेलेले. स्वतःच्या टेबलावरच्या पीसीत उतरवू म्हटलं, तर सतरा हजार माणसांची खाजगी माहिती टेबलावर आणणं हा गुन्हा. जिकडे जावं तिकडे दार बंद.

मग ती हट्टाला पेटली. सामान आत न्यायची एक वाट उघडी होती, तिच्या टर्मिनलची. चाळीस वर्षांपूर्वीची रीत, पीसीवरून एकेक फाइल आत ढकलायची, मुंगीच्या पावलांनी. लिनक्सचं सगळं सामान अशा रीतीने आत नेऊन एका डिस्कवर ठेवायचं. मग वेब सर्व्हर हवा कशाला?

शेजारच्या टेबलावरचा व्हिन्स जुना ऑपरेटर होता, त्यालाही एकतीस तारखेला निवृत्ती. त्याने पडद्यावरचे आकडे बघितले आणि डोळे मोठे केले. "लोर, अगं चमच्याने तलाव भरायला निघालीस?"

"तुझ्याकडे बादली आहे का? नाही ना? मग गप बस आणि चहा आण."

सहा दिवस ती चमच्याने भरत राहिली. मधे दोन दिवस फुकट गेले, कारण पहिल्या फाइली तिने मजकूर म्हणून पाठवल्या. पीसीची अक्षरं वेगळी, मेनफ्रेमची वेगळी. मजकूर म्हटलं की मेनफ्रेम आपणहून भाषांतर करून घेतो, आणि प्रोग्रामचं भाषांतर केलं की झाला चोथा. लिनक्स सुरू करणाऱ्या तीन फाइली कार्डवाचकात लावल्या, यंत्र सुरू केलं, तर ढिम्म. "बिगारीतली चूक!" ती स्वतःवरच करवादली. पुन्हा पहिल्यापासून, या खेपेला जसंच्या तसं, ऐंशी-ऐंशीच्या कार्डांत कापून.

सोमवारी, एकोणतीस तारखेला सकाळी दहा वाजता तिने पुन्हा कार्डवाचक सुरू केला आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. लिनक्स बोलू लागलं होतं. व्हिन्स खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागला. "आली गं आली, म्हातारी जिंकली!"

"म्हातारा तू," ती म्हणाली, पण तिला हसू आवरत नव्हतं. सहा दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचा दगड हलला होता.

इथे आमच्या खात्यातल्या दोन-तीन रीती सांगायला हव्यात. डिस्कांना नंबर असतात. आमच्याकडे गेली तीस वर्षं दोनशे नंबर म्हणजे कोरी डिस्क. नव्या यंत्राला पहिली कोरी डिस्क द्यायची ती दोनशे नंबरने, डेटाच्या डिस्का तीनशेपासून पुढे. हा नियम लोरेलनेच घातला आणि निदान तीस जणांकडून घोटून घेतला. दुसरी रीत अशी की डिस्क जोडताना ती लिहिता येईल अशीच जोडायची, कारण नुसती वाचायला जोडली की आमचा एक जुना प्रोग्राम रुसायचा. बोटांना तीच सवय. आणि तिसरी रीत, फॉर्मॅटला 'हो' म्हटलं की चहाला जायचं, कारण जुन्या डिस्का, दहा मिनिटांखाली काम आटपत नाही.

यादीची डिस्क चौऱ्याऐंशीची. दोनशेचा नियम आला त्याच्या कितीतरी आधीची. तिचा नंबर होता दोनशे. रविवारीच, वेळ वाचावा म्हणून, लोरेलने ती नव्या यंत्राला जोडून ठेवली होती, जुन्या नंबरानेच, आणि सवयीप्रमाणे लिहिता येईल अशी. मग कोऱ्या डिस्कला नंबर मिळाला दोनशे एक.

लिनक्सने विचारलं, कुठली डिस्क फॉर्मॅट करू?

तिने लिहिलं, २००.

त्याने विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, नक्की?

तिने लिहिलं, हो. आणि दोघं चहाला गेली.

चहा घेऊन परत आली तेव्हा पडद्यावर काम कुठवर आलं त्याचा आकडा सरकत होता. तिने आधी तो बघितलाच नाही. व्हिन्स त्याच्या निवृत्तीच्या केकबद्दल सांगत होता, बेडकाच्या तोंडाचे ते हिरवे केक मागवू का म्हणून. तिची नजर सहज एकूण आकड्यावर, म्हणजे डिस्कच्या मापावर गेली. कोरी डिस्क तिने मागवली होती तीन हजार तीनशे एकोणचाळीसची. पडद्यावर होते एक हजार एकशे तेरा. ते माप जुन्या डिस्कांचं. चौऱ्याऐंशीच्या.

तिच्या हातातून कप सुटला.

"काय गं? लोर? काय झालं?"

ती कीबोर्डवर झेपावली आणि ते खोटं यंत्रच बंद पाडलं. ओळी थांबल्या. आकडा तीनशे एकाहत्तरवर थांबला होता. सुरुवातीचा एक तृतीयांश हिस्सा. पायात गरम चहा सांडलेला, त्याचंही भान नव्हतं तिला.

"टेप," ती म्हणाली. "व्हिन्स, बॅकअपची टेप."

व्हिन्सचं तोंड उतरलं. "गुरुवारी गेल्या ना गं. तूच सही केलीस. कापून टाकायला."

केली होती सही. टेपांच्या कागदावर लिहिलं होतं, सर्व डेटा हलवला, आणि त्यापुढे खूण केलेली. त्या सर्वात हा डेटा नव्हता हे तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि तिच्याच सहीने टेप गेल्या. तिला वाटलं होतं, डिस्क आहे ना हातात.

पुढचे तीन दिवस तिने काय केलं ते सांगायला तिला कधी आवडलं नाही. केलं मात्र सगळं. योग्य डिस्कवर लिनक्स चढवलं. फाइल कुठे सुरू होते ते सांगणारा तक्ता डिस्कच्या सुरुवातीलाच होता, तो पुसला गेला होता, म्हणून उरलेला भाग ऐंशी-ऐंशी रकान्यांनी कच्चाच वाचून काढला. नावांकडे बघायचं नाही म्हणून तिने पडद्यावर फक्त तारखा ठेवल्या. पहिली शाबूत ओळ निघाली एप्रिल एकोणसत्तरची. तिथून खाली सगळं स्वच्छ, अकरा हजारांवर माणसं. तिच्या वर काही नाही.

एप्रिल एकोणसत्तर. क्लेम लागला होता सासष्टला. मग तिने पुन्हा वाचलं, मग वेगळ्या रीतीने वाचलं, मग व्हिन्सला वाचायला लावलं. पुसलेलं पुसलेलंच होतं. क्लेम त्या यादीत होता की नव्हता, हेही आता कुणाला कळायचं नव्हतं. तिने प्रामाणिकपणे कधी बघितलं नव्हतं ना! आयुष्यभर पाळलेल्या त्या नियमाचा तिला तेव्हा मनापासून राग आला.

एकतीसला दुपारी चार चाळीसला फाइल नव्या यंत्रणेत पोचली. पाचला मेनफ्रेम बंद झाला. पंखे थांबले आणि मजल्यावर एवढी शांतता पसरली की दोन-तीन जणं उगाच खाकरली. व्हिन्स डोळे पुसत केक वाटत होता. लोरेलने झाल्या प्रकाराचा अहवाल स्वतःच लिहून दिला, एक शब्द न लपवता. रजेवरून आलेले ग्रेमसाहेब तो वाचून म्हणाले, "लोरेल, कुणी मागितलंसुद्धा नव्हतं, तरी तू अकरा हजार नावं वाचवलीस. असं बघ ना त्याकडे."

"सहा हजार घालवली," ती म्हणाली.

कीरन पायऱ्यांपाशी गाठ पडला. "मी त्या दिवशी तुला सर्व्हर दिला असता, तर..."

"तर काय? तरी दोनशेच लिहिलं असतं मी." तिला त्याच्यावर ढकलता आलं असतं, आणि त्याने ते निमूट घेतलंही असतं. तेच तर जमत नव्हतं. "जा घरी, ऊन फार आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती क्लेमकडे गेली. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. तो व्हरांड्यात होता, बेव्ह दवाखान्यात औषधं आणायला गेलेली. लोरेलने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, दोनशे नंबरपासून टेपवरच्या सहीपर्यंत. सांगताना ती एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलताच आलं नसतं.

क्लेम ऐकत राहिला. प्राणवायूचं यंत्र सूं सूं करत होतं.

"म्हणजे माझी सालं गेली."

"गेली. मी घालवली, क्लेम. माझ्या हाताने."

"रडू नकोस गं. लोर. ए वेडाबाई." त्याने तिचा हात धरला, पण त्याला तो फार वेळ धरून ठेवता येईना. "एकोणसत्तरच्या पुढचे सगळे आहेत म्हणतेस?"

"सगळे."

"एकाहत्तरचे?"

"आहेत."

"मग तो फोन दे इकडे. कॉनला लाव."

कॉन म्हणजे छातीच्या दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा ग्रीक म्हातारा. एकाहत्तर साली त्याच कारखान्यात लागलेला, त्यालाही तोच रोग, त्यालाही वकिलांनी तेच सांगितलेलं, आणि सुनावणीही त्याच दिवशी. लोरेलने नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन क्लेमच्या मांडीवर ठेवला.

"कॉन, ऐक रे. यादी पोचली. तुझी सालं आहेत त्यात."

"कोण म्हणतं?"

"माझी बहीण म्हणते. तिनेच वाचवली. वकिलाला सांग मागायला, कागद येईल."

पलीकडून ग्रीकमधून एक लांबलचक शिवी, आणि मग हुंदका. "आणि तू? तुझं नाव आहे ना रे, क्लेम?"

क्लेमने लोरेलकडे बघितलं. लोरेलने मान हलवली, नको म्हणून, खोटं बोलू नकोस म्हणून.

"आहे की," क्लेम म्हणाला. "तुझ्याही वर आहे."

"मग बाराला दोघं बरोबरच जाऊ. मुलगा गाडी आणेल."

"जाऊ ना," क्लेम म्हणाला. त्याने फोन लोरेलच्या हातात दिला आणि हा बंद कसा करायचा ते विचारलं. तिला बटण दिसत नव्हतं.